चाक थांबेपर्यंत

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात मी टायपिस्ट होतो. यंत्रांवर लावायच्या इंग्रजी सूचना आमचे हेडक्लार्क बाबूजी लिहीत आणि मुकादम त्या वाचून मजुरांना सांगे. बाबूजींचा स्वभाव विचित्रच. सकाळी ते मालकाच्या आधी फाटकावरच्या चौकीदाराला नमस्कार करत, आणि यंत्रापाशी उभे राहिल्याशिवाय एक शब्द लिहीत नसत.

एकदा 'तेल घालण्याआधी इंजिन बंद करून सम टाइम थांबा' अशी जुनीच सूचना मी टाइप केली. ते कागद घेऊन तेलवाल्याकडे गेले.

"किती वेळ थांबतं तू?"

"एक बिडी होईस्तोवर, बाबूजी."

त्यांनी इंजिन बंद करवून त्याला इंजिनखोलीच्या दाराबाहेर बिडी ओढायला लावली. बिडी संपली तरी चाक फिरतच होते. त्यांनी 'सम टाइम' खोडून 'चाक पूर्ण थांबेपर्यंत' असे इंग्रजीत लिहिले.

कागद पुन्हा टाइप करायचा म्हणून मी वैतागलो. "बाबूजी, एका शब्दापायी कावून छळून राहिले मले?"

त्यांनी खिडकीतून चौकीदाराकडे पाहिले. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटे होती.

"तो पयले तेलवाला होता," ते म्हणाले. "त्याच्या वक्ताले 'सम टाइम' मीच लिवलं होतं."