पंचमीला चिरलेलं पोट
गेल्या वर्षी, नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी, माझ्या मामेबहिणीच्या कुशीतून तिच्या सासूनं तान्हं लेकरू काढून घेतलं. ज्वारीच्या लाह्यांचा वास आला की मला परभणीच्या दवाखान्यातला बाळंतिणींचा तो वॉर्ड आठवतो. पंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत आणि तिचं सिझर नेमकं त्याच दिवशी झालं. मग तिच्या ओठावर फोड उठले. सोनपेठहून लाह्या घेऊन आलेली सासू म्हणाली, "पंचमीला पोट चिरलं, नागीण उठली. लेकराला शिवू नको." बहीण भिंतीकडं तोंड करून रडत होती. मला राग आलाच, पण हे फोड आत्ताच का, याचं कुतूहल त्याहून मोठं. मी सिझरच्या वेळी तिला भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना वॉर्डात घेऊन आलो. त्या म्हणाल्या, "हे फोड एका विषाणूमुळं येतात. तो वर्षानुवर्षं नसेत झोपून असतो. पाठीत भुलीसोबत दुखणं थांबवायचं औषध दिलं, की कधीकधी जागा होतो." सासू चक्रावली. "म्हंजी बाई बधिर अन् त्यो जागा?" "हो आजी. दूध पाजू द्या. तिनं हात धुवायचे, तोंड झाकायचं, मुका घ्यायचा नाही." सासूनं स्वतःचा धुतलेला रुमाल सुनेच्या तोंडाला बांधला, लेकरू कुशीत ठेवलं आणि पुटपुटली, "झोपमोड केल्यावर कुनीबी उठंलच की." तेव्हा तुम्हीही बाळंतिणीच्या ओठावर फोड दिसले तर पंचांग उघडू नका. आधी डॉक्टरला विचारा. तिचं लेकरू तिच्याजवळ राहू द्या.