चेंडूच्या पुढचा आवाज

रेडिओकाका आमच्या लिफ्टमध्ये शिरले की लिफ्टचं मैदान व्हायचं. "चौदाव्या मजल्यावरून नागपूरच्या बाई आल्या आहेत. हातात लॉन्ड्रीची पिशवी, पायात दोन वेगळे मोजे. बाई घाईत आहेत." हे सगळं माझ्याबद्दल, माझ्याच समोर, खणखणीत आवाजात. लिफ्टमधली बाकीची मंडळी जर्सी सिटीच्या रिवाजाप्रमाणे आपापल्या फोनमध्ये बघत असायची. मी खाली मोज्यांकडे बघायची. मोजे खरोखरच वेगळे असायचे.

काका मूळचे इस्लामपूरकडचे. वीजखात्यात लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण जीव सगळा कबड्डीच्या माइकमध्ये. पंचक्रोशीतल्या प्रत्येक स्पर्धेची कॉमेंट्री त्यांचीच. काकू गेल्यावर मुलगा समीर त्यांना इकडे अमेरिकेत घेऊन आला, आणि भरल्या मैदानाशी बोलायची सवय असलेला माणूस दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये येऊन पडला. तिथे नात "आजोबा, इनसाइड व्हॉइस" म्हणायची, सूनबाई मीटिंगमध्ये असायची, आणि समीर हेडफोन काढून "काय म्हणालात, बाबा?" असं विचारायचा. एकदा बोललेलं पुन्हा बोलणं काकांना कमीपणाचं वाटे. म्हणून ते लिफ्टमध्ये बोलत.

लॉबीत पॅट बसलेला असे. हा आयरिश म्हातारा आमच्या बिल्डिंगचा जुना मेंटेनन्सवाला. रिटायर होऊन राहायचा दोन गल्ल्या पलीकडे, पण रोज लॉबीत यायचा, कारण आपल्याशिवाय बॉयलर चालत नाही असा त्याचा समज होता. डोळे अधू झालेले. मधलं सगळं पुसट, फक्त कडेचं दिसायचं. एका रविवारी तो फोन कानाला लावून बसला होता आणि फोनमधून कुणीतरी जीव तोडून ओरडत होतं. काका थबकले. शब्द एकही कळला नाही, पण धंदा ओळखला.

तो खेळ हर्लिंग. आयर्लंडचा. पंधरा-पंधरा गडी, हातात चपट्या तोंडाच्या काठ्या, आणि चेंडू असा सुटतो की आपण मान वळवेपर्यंत तो दुसऱ्या टोकाला. आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. काकांना हे पाच मिनिटांत समजलं. मला अजून नीट समजलेलं नाही. पण काकांना खेळ खरा भावला तो वेगळ्याच कारणाने. पॅटने सांगितलं की या पोरांना पगार नसतो. रविवारी साऱ्या देशासमोर खेळतात आणि सोमवारी सकाळी कुणी शाळेत शिकवायला जातो, कुणी नळ दुरुस्त करायला. काका म्हणाले, "म्हणजे आपलेच." त्या दिवसापासून पॅटचे पॅटराव झाले.

पॅटरावच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या संघाचं, नाव मी सांगत नाही. त्या लोकांनी आधीच खूप ऐकून घेतलंय. कित्येक वर्षांत त्यांनी कप जिंकलेला नव्हता आणि त्याबद्दल बोलायला ते दर रविवारी जवळच्या आयरिश पबमध्ये जमत. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे साडेदहालाच पब भरलेला. काकांना तिथे न्यायला पहिल्यांदा मी गेले, कारण टोस्टला लोणी चालेल पण सॉसेजचा चमचा बीन्सला लागता कामा नये, हे तिथे समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. "एकदाच या हो, बाई," काका म्हणाले. मी तीन वर्षं एकदाच जात होते.

पबचे नियम कडक. ज्याची जी खुर्ची त्याने त्याच खुर्चीत बसायचं. सामन्याआधी "आज जिंकणार" असं कुणी म्हणायचं नाही. हा नियम ऐकून काका खूश झाले. दृष्ट लागते हे गोऱ्यांनाही कळतं, म्हणून काकांचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. त्यांनी स्वतःची एक भर घातली: थर्मासमधला आल्याचा चहा, पहिला घोट पॅटरावचा. त्या दिवशी काउंटी जिंकली. झालं. पुढच्या वेळी थर्मास घरी राहिला तेव्हा आयुष्यात चहा न प्यालेल्या एका धिप्पाड माणसाने हाफटाइमला मला बिल्डिंगकडे पिटाळलं.

आता कॉमेंट्री. टीव्हीवर इंग्रजी कॉमेंट्री होतीच, पण तो कॉमेंटेटर तुम्हाला दिसतंय असं धरून चालायचा आणि खेळ सोडून कुणाच्या तरी काकाच्या शेतीबद्दल बोलायचा. रेडिओवाल्यावर पॅटरावचा विश्वास नव्हता, कारण तो शेजारच्या काउंटीचा. मग काकांनी त्याच्या कानाशी खुर्ची ओढली आणि मराठीत सुरुवात केली. आयरिश नावांचं स्पेलिंग वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. फ्री हिट घेणारा शाळामास्तर होता, तो मास्तर. मागे खांबासारखा उभा राहणारा पाटील. "पाटलाने पकड केली! चेंडू मास्तरकडे, मास्तर चढाईला, मारला... गेला!" पॅटरावला आठ-दहा मराठी शब्द येऊ लागले, आणि तेवढ्या शब्दांत सगळा सामना बसायचा. 'गेला' म्हणजे पॉइंट, 'बाहेर' म्हणजे बाहेर, आणि 'अरे अरे अरे' म्हणजे रेफ्री.

काकांची कॉमेंट्रीची दोन तत्त्वं होती. एक, आवाज चेंडूच्या पुढे पाहिजे. "गोल झाल्यावर कोण ओरडत नाही? आधी ओरडतो तो कॉमेंटेटर." दुसरं, माइकवर गप्प बसायचं नाही. "गप्प बसलं की लोकांना वाटतं, लाइट गेली." आणि सामना संपला, जिंको वा हरो, की ते उभे राहून कबड्डीच्या मैदानावरची शेवटची घोषणा करत: "आजचे सामने संपले आहेत. प्रेक्षकांनी कृपया शांततेने घरी जावे. जाताना लहान मुलांचा हात धरावा." पबच्या दारात एक फसवी पायरी होती. तिथे काका पॅटरावचा हात धरत. मी एकदा पॅटला त्या घोषणेचा अर्थ सांगितला, तर तो म्हणाला की मग बरोबर आहे, काकांना पायऱ्या उतरताना मीच तर सांभाळतो. दोघेही एकमेकांना लहान मूल समजत, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, मॅनेजरवरून. काउंटी हरली की पबमधल्या प्रत्येकाला मॅनेजर बदलायचा असे, आणि जिंकली की पोरं मॅनेजर असूनही जिंकली असं ठरे. काका एकटे त्याच्या बाजूने. कारण मॅनेजर पोटापाण्यासाठी वीज कंपनीत लाइनमन होता. "लाइनमन चुकीचा निर्णय घेत नाही. घेतला तर दुसरा घ्यायला उरत नाही," हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा पबने माना डोलावल्या, आणि मग पुन्हा त्याला काढायची चर्चा सुरू झाली. पॅटराव त्याच्या बाजूने बोलत नसे, पण कडेचं दिसणाऱ्या त्या डोळ्यांना मैदानाच्या कडेला येरझारा घालणारा मॅनेजरच तेवढा दिसायचा, त्यामुळे त्याला तो आवडायचा.

तिसऱ्या वर्षी काउंटी फायनलला पोचली. पॅटराव म्हणाला, मला आता कडेचंही दिसेनासं झालंय, पुढचं वर्ष कोण बघतो, ही फायनल काकांच्या तोंडून ऐकायची आहे. आणि त्याच आठवड्यात समीरच्या कंपनीने त्याला कॅलिफोर्नियाच्या ऑफिसात बोलावलं. व्हिसावरचा माणूस, नाही कसं म्हणणार? फ्रीमाँटला घर ठरलं, गुरुवारची तिकिटं काढली. फायनल रविवारी.

बुधवारी काकांनी माझ्या दारावर टकटक केली. पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. "बाई, रविवारपर्यंत तुमच्या सोफ्यावर पडलो तर? सोमवारी मला विमानात बसवून द्या. समीरला मी समजावतो." माझा एका खोलीचा स्टुडिओ फ्लॅट केवढासा. त्या वीकेंडला माझ्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, घरात पसारा होता, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मी म्हणाले, "काका, बघते हं."

मराठी माणसाला 'बघते' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. काका म्हणाले, "बघा, बघा. काही घाई नाही." गुरुवारी ते गेले. लिफ्टमध्ये मी बरोबर होते. ते काही बोलले नाहीत.

रविवारी रिलीज पुढे ढकललं गेलं. म्हणजे मी तशीही मोकळीच. पबमध्ये काकांची खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर थर्मास. चहा मी केला होता, आलं जास्त पडलं. साडेदहाला पॅटरावचा फोन वाजला. फ्रीमाँटला सकाळचे साडेसात, समीरच्या लॅपटॉपवर सामना लावलेला, आणि काका माइकवर.

दोनच मिनिटांत घोटाळा लक्षात आला. पॅटराव "गेला!" म्हणून ओरडला तेव्हा टीव्हीवर चेंडू अजून आमच्याच पाटलाच्या हातात होता. मग चेंडू पुढे गेला, मास्तरने मारला, पॉइंट झाला. समीरचं इंटरनेट तगडं आणि पबवाल्याचं कंजूष, त्यामुळे काकांचा आवाज आमच्या चित्राच्या चांगला चाळीस सेकंद पुढे होता. शेवटी एकदाचा त्यांचा आवाज खऱ्या अर्थाने चेंडूच्या पुढे गेला, तोही दोन-अडीच हजार मैलांवरून. पबने आधी पॅटला गप्प राहायला सांगितलं, मग त्याच्याकडे पाठ केली. काहीजण मात्र चोरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने मागे होतो. टीव्हीवर पाटील मधून पळत सुटला आणि त्याला पाडलं. फ्री हिट मिळाली. लांबून होती, पण मास्तरच्या टप्प्यात. वरून गेली तर बरोबरी आणि जादा वेळ. पब उभा राहिला. कुणीतरी माझा हात घट्ट धरला. मी पॅटरावकडे बघितलं.

फोन त्याच्या कानाला होता. मी त्याच्या शेजारी बसून कान लावला. त्यातून काहीच आवाज येत नव्हता. लाइन चालू होती, मागे समीरच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता, पण काका बोलत नव्हते. आयुष्यात कधी माइकवर गप्प न बसलेला माणूस गप्प होता.

पॅटरावने फोनवर हात ठेवला. "काका थांबलाय," तो मला हळूच म्हणाला. "यांना सांगू नकोस."

टीव्हीवर मास्तर अजून चेंडूजवळ पोचलाही नव्हता. तो आला, त्याने पॅंटला हात पुसला, दांडीकडे बघितलं. सगळा पब श्वास रोखून उभा, आणि एक आंधळा म्हातारा आणि मी असे दोघेच बसलेले. मी तीन वर्षं या खेळाला नावं ठेवली होती. त्या वेळी मला वाटलं, हे चाळीस सेकंद संपू नयेत.

चेंडू बाहेर गेला. पबमधून मोठा उसासा निघाला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मॅनेजरचं नाव घेऊन सुरुवात केली. तेव्हा फोनमधून काकांचा आवाज आला, अगदी सावकाश. "आजचे सामने संपले आहेत. प्रेक्षकांनी कृपया शांततेने घरी जावे."

नंतर मी फोन घेतला. काका म्हणाले, "मला तुमचा आरडाओरडा मागून ऐकू येत होता. पहिल्याच पॉइंटला कळलं की मी पुढे आहे. म्हणून शेवटी थांबलो. लोक अजून उभे होते ना?" मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पॅटरावचा हात धरलात का?" मी म्हणाले, धरते. सोफ्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. बोलले नाही. नंतर निवांत फोन करून बोलू, पुढच्या वेळी बोलू, असं म्हणत राहिले, आणि फेब्रुवारीत समीरचा फोन आला. काका झोपेतच गेले. फ्रीमाँटच्या त्या टाउनहाऊसला लिफ्ट नव्हती. पाच-सहा महिने ते कुणाशी बोलले असतील, हे मला अजून विचारवत नाही.

या मोसमाचा पहिला सामना परवाच्या रविवारी झाला. मॅनेजर तोच आहे, त्याला काढायची चर्चाही तीच. काकांच्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं, म्हणून मी बसले आणि पॅटरावच्या कानाशी सुरुवात केली. वाईट केली. पाटील आणि मास्तर सोडून एकाचंही नाव आठवेना, दोनदा समोरच्या संघाचा पॉइंट आपला म्हणून सांगितला. पॅटराव शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू मागे पडतेस."

आम्ही सात पॉइंटने हरलो. मी उभी राहून घोषणा केली, पूर्ण, लहान मुलांच्या हातासकट. दारातल्या पायरीशी पॅटराव थांबला आणि त्याने हात पुढे केला. मी तो धरला. पायरी उतरल्यावर त्याने विचारलं, पुढच्या रविवारी येणार का. त्या वीकेंडला रिलीज आहे, घरात पसारा आहे, आणि तोंडात 'बघते' आलंच होतं.

"येते," मी म्हणाले.