अक्का कुठवर पोचली होती?

वत्सलाअक्का गेल्याचं मला आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. तिच्या मुलाला त्या गडबडीत माझा नंबर सापडला नाही, कट्ट्याच्या अध्यक्षांचा सापडला. ते आपला नंबर गावभर देऊन ठेवतात. ग्रुपवर वर कुणीतरी टाकलेला फोटो होता... एका कादंबरीचं मुखपृष्ठ, शेजारी वाफाळता कप, खाली ‘सध्या वाचतेय’. त्याच्याखाली अक्का गेल्याचा निरोप आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एकानं तिथंही अंगठा वर केला होता. चुकून झालं असेल, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. न वाचताच अंगठा वर करायची त्याची जुनी सवय आहे. रांग संपते न संपते तोच पुढचा फोटो आला, नवं पुस्तक आणि नवा कप. मी फोन पालथा ठेवला आणि जळगावातच मेहरूणला तिच्या घरी निघाले.

नंतरच्या दिवसांत तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते वाचून मला हसू आलं. ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या’, ‘गोड स्वभावाच्या’... अक्का आणि गोड! भडगावला नवऱ्यामागे औषधांचं दुकान तिनं बरीच वर्षं चालवलं, गिऱ्हाइकाला सुटे देताना एक डोळा पुस्तकात ठेवून. पुढं मुलाकडे जळगावला आली. बोलणं शुद्ध करून घ्यावं असं तिला कधी वाटलं नाही आणि माणसांचं तर ती काहीच गोड मानून घेत नसे. कट्ट्याच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी एका जाडजूड ग्रंथावर अर्धा तास भाषण केलं. पुस्तक आणि त्यांचा संबंध मुखपृष्ठापुरता होता, हे समोर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं, तरी माना डोलत होत्या. भाषण संपल्यावर अक्कानं एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही कोठे पोचनात?” म्हणजे कितव्या पानावर आहात. अध्यक्ष म्हणाले, शेवटाकडे आलोय. अक्का उठली, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि उलटून धरलं. त्यातून छापखान्यात चिकटून राहिलेली, अजून कुणी न सोडवलेली पानं एकमेकांना धरून लोंबायला लागली. मग ती पुस्तक जागेवर ठेवून पोह्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे उभी होते. वळून मला म्हणाली, “ह्या लोके पुस्तक वाचतस नही, दखाडतस.” नुसतं दाखवतात म्हणे. तिथून आमची ओळख.

‘सध्या काय वाचताय?’ हा कट्ट्याचा लाडका प्रश्न. अक्काला त्याची चीड होती. तिचं म्हणणं, याचं उत्तर देण्यासाठी पुस्तक उघडावंच लागत नाही. नाव सांगितलं की झालं. ती विचारायची ते एकच, कोठे पोचनी? त्याला खोटं उत्तर देता येतं, पण फार वेळ टिकवता येत नाही. ग्रुपवर एक गृहस्थ दोन वर्षं एकच पुस्तक ‘सध्या’ वाचत होते, फोटोत फक्त कप बदलायचा. अक्कानं त्यांना जाहीर विचारलं, “कप रोज नवा शे, भाऊ. पान कोणतं शे?” अध्यक्षांनी लगेच सूचना काढली की ग्रुपवर सकारात्मक लिहावं. ती सूचना मात्र सगळ्यांनी वाचली.

आमच्या दोघींची म्हणून जी रीत होती, ती धुळ्याच्या पुस्तक प्रदर्शनात पडली. एका कादंबरीची शेवटची प्रत उरली होती आणि तिच्यावर एका बाजूनं माझा हात पडला, दुसऱ्या बाजूनं अक्काचा. दोघीही सोडेनात. विक्रेता वैतागून म्हणाला, “ताई, दोघी मिळून घ्या, नाहीतर मधोमध फाडून देतो.” आम्ही मिळून घेतली. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत तिनं वाचली, एरंडोलपर्यंत मी, आणि उरलेल्या रस्त्यात पुढं काय होणार यावर आमचं असं भांडण जुंपलं की पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून मिटवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून आम्ही जाणूनबुजून एकच प्रत घ्यायला लागलो. अर्धा आठवडा पुस्तक तिच्याकडे, अर्धा माझ्याकडे. त्यात खुणा दोन. माझी लोकरीच्या धाग्याची, तिची केळीच्या सोपटाची... भडगावला भावाच्या शेतात केळीचं खोड कापलं की त्याच्या सालीच्या पट्ट्या ती सोलून आणायची. त्या नीट वाळू द्याव्यात एवढा धीर तिला नव्हता. ओलसर असतानाच पुस्तकात सारायची. मी कुरकुर केली की म्हणायची, “पुस्तक शे, पैठणी नही.” पुढं गेलेलीनं मागं असलेलीला काही सांगायचं नाही, हा नियम. विचारायचं ते फक्त, कोठे पोचनी? एवढ्यावर आमच्या दुपारी जात. वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात हो. वाचत असताना सोबत करणारं माणूस मला तिच्याआधी भेटलं नव्हतं, आणि या वयात आता दुसरं भेटेल असं वाटत नाही.

शेवटची कादंबरी जाडजूड होती. त्यात भांडून घर सोडून गेलेला एक थोरला भाऊ होता आणि तो परत येतो की नाही, यावर आमची पैज लागली होती. मी म्हणत होते, येणार. अक्का ठाम होती. “तो काय येस नही. मी सांगस ना! असा लई माणसे मी दुकानमा पाह्यात.” पैज भरिताची. हरणारीनं वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या. जिंकणारीनं बसून खायचं आणि वर नावं ठेवायची. अक्का माझ्या पुढं होती. पुस्तक तिच्याकडे असतानाच तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पुस्तक उशाशी होतं, असं सुनेनं सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि बोलायला मनाई. मी विचारलं, “अक्का, कुठवर पोचलीस?” तिनं हात हलवला... थांब, की पुढं गेले, की तुला कशाला सांगू? मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला शेवट कळला होता का, एवढंच मला हवं होतं. दुःखात हे सुचतंच कसं, असं माझी बहीण म्हणाली. पण आमचं नातं त्याच प्रश्नावर उभं होतं, मग दुसरं काय सुचणार? सोपटाची खूण बघितली की कळेल, म्हणून मी तेराव्यानंतर तिच्या घरी गेले. सून म्हणाली, “पुस्तकं तर कट्ट्याचे अध्यक्ष सर घेऊन गेले, ताई. अक्कांच्या नावानं कपाट करणार आहेत ना!” बिचारीनं भल्या मनानं सगळी खोकी देऊन टाकली होती.

मग झाली शोकसभा. स्टेजवर टेबल, टेबलावर चुण्या पाडलेलं कापड आणि त्यावर अक्काची पुस्तकं, पुसून, उंचीप्रमाणे लावलेली. प्रत्येकातून एक गुळगुळीत छापील पट्टी डोकावत होती, वर अक्काचा फोटो, खाली कट्ट्याचं नाव आणि त्याहून ठळक अक्षरांत अध्यक्षांचं. मी आमची कादंबरी ओढून उघडली. पट्टी अगदी मध्यावर खोचलेली होती. माझा धागा नाही, तिचं सोपट नाही. मी बाजूला उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो कौतुकानं म्हणाला, “पुस्तकांत कचरा फार होता, ताई. सालपटंच सालपटं! सगळं झटकून काढलं.” पुस्तकप्रेमी म्हणवणाऱ्यांनी पुस्तकं झटकली, आणि आयुष्यभर त्यांतून वाचणारी बाई जिथं जिथं थांबली होती, ते सगळं केरात गेलं. मला रडू यायला हवं होतं. मला त्यांचा सगळ्यांचा नुसता वीट आला. अध्यक्ष माइकवर सांगत होते की अक्का आठवड्याला चार ग्रंथ संपवत. मी पुस्तक काखेत मारलं आणि चालायला लागले. माइक तसाच हातात ठेवून ते म्हणाले, “ताई, ते प्रदर्शनासाठी आहे.” सभागृहभर ऐकू गेलं, बरंच झालं. मी म्हणाले, “यातलं अर्धं माझं आहे. तुम्हाला वाचायचं होतं का?” कुणीतरी मागं हसलं. ती छापील पट्टी मी टेबलावर ठेवून आले.

घरी आल्यावर पुस्तक हातात घेऊन नुसती बसले. आणि मग आठवलं ते इथल्या कुठल्याही बाईला आठवलं असतं... केळीचा चीक. लुगडं विरतं पण केळीचा डाग जात नाही, असं आमची आई म्हणायची. मी पहिल्यापासून पानं उलटायला लागले. जिथं जिथं अक्का थांबली होती, तिथं तिथं सोपटाच्या रुंदीचा तपकिरी डाग होता. कार्यकर्त्याच्या हातचं झटकणं त्याला काय करणार होतं! डागामागून डाग पुढं जात होते. काही ठिकाणी एकाच प्रकरणात दोन. तिथं तिला डुलकी लागली असणार. माझी जागा मागं पडली. शेवटचा डाग फिकट होता. त्यापुढच्या एकाही पानावर डाग नव्हता.

त्या डागापाशी मी काही दिवस थांबले. मग वाचायला सुरुवात केली, तिच्यापर्यंत आले, आणि तिला मागं टाकून पुढं गेले. दोनच पानं पुढं. थोरला दाराशी उभा होता, हातात पिशवी, आणि आत कुणाला हाक मारावी ते त्याला कळत नव्हतं. अक्का हरली होती. आणि तिला ते कळलंच नाही. आपणच जिंकतोय अशा गुर्मीत गेली ती. हरलेली अक्का मला एकदा तरी बघायची होती.

कादंबरी अजून टेबलावर आहे. पुढची बरीच पानं उरलीत, पण थोरला दाराशीच उभा आहे, मी त्याला आत जाऊ दिलेलं नाही. ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, ताई, सध्या काय वाचताय? मी फोन पालथा ठेवला. बाजारात भरिताची हिरवी, लांब वांगी आली आहेत. भाजीवाला रोज हाक मारतो आणि मी न घेता पुढं जाते. हरणारीनं करायचं, असं ठरलं होतं.