लेप्पोइसा स्वभावाचा लेखी पुरावा

“आपण किती शांत आहोत हे भाऊजींनी इतकं ओरडून सांगितलं, की शेजारी भांडण सोडवायला धावले.” माझा मेहुणा दिनकर हे प्रत्येक लग्नात सांगतो. हे साफ खोटे आहे. शेजारी दोनच आले होते, आणि त्यांतल्या एकाला खुर्ची मी स्वतः सरकवली.

साठ सालच्या सुमारास मी अमरावतीला शाळामास्तर होतो आणि फिनलंडच्या आर्वो नावाच्या मास्तरशी माझी पत्रमैत्री होती. शब्दकोश उघडून इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत माझा संताप विझून जाई, त्यामुळे आर्वोला मी थंड झाल्यावरच पोचत असे. त्याने एकदा लिहिले, ‘तुझ्यासारख्याला आम्ही लेप्पोइसा म्हणतो, निवांत, कोवळ्या उन्हासारखा, ज्याच्याजवळ बसावेसे वाटते असा.’ (माझ्याजवळ तोवर कोणी बसत नसे, हा भाग अलाहिदा.) मी तो शब्द तोंडपाठ केला.

अकोल्याला जठारपेठेत सुशीलेला पाहायला गेलो, तेव्हा ते पत्र खिशात होते. मुलगी मला मनापासून आवडली. पण तिचे वडील म्हणाले, “तुमी लई तापट आहा म्हनतात.”

मी पत्राचा तेवढा भाग अर्थासकट वाचून दाखवला.

“हा मानूस तुमाले भेटला काय?”

“नाही.”

“मंग त्याले कसं समजलं?”

“काकाजी, आधी शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या.”

“समजला. पन तुमी उभे काहून राह्यले?”

मी अर्थ पुन्हा सांगितला. मग पुन्हा. तासाभराने, हात किंचित उंचावून सांगत असताना, पोह्यांची बशी त्यांच्या धोतरावर गेली.

“अहो, पोहे सांडले.”

“सांडू द्या! कोवळं ऊन म्हणजे काय ते लक्षात घ्या!”

याच क्षणी शेजारी आले.

आता नकार येणार हे मला दिसत होते. तेवढ्यात आतून सुशीला म्हणाली, “बाबा, दिनकरले चार दिवस यांच्या घरी ठेवा. यांचा आवाज एकदा जरी चढला, तर नाही म्हनून कळवू.”

दिनकर माझ्याबरोबरच आला. घरात, बाजारात, शाळेत, सगळीकडे माझ्यामागे हिंडला. परत जाऊन त्याने वडिलांना सांगितले, “पोट्टे वर्गात दंगा करून राह्यले होते, तरी हे नुसते हसले. गाय आहे गाय.” त्या शब्दावर आमचे लग्न झाले.

तोच दिनकर आज उलटे बोलतो. म्हणून वाद मिटवणारी एकच वस्तुस्थिती नोंदवतो: त्या चार दिवसांत माझा आवाज एकदाही चढला नाही, कारण जठारपेठेत बसलेला घसा सुटला तो पाचव्या दिवशी.