काकूंची नक्कल

जगात बेसूर माणूस नसतोच, असं छातीठोक सांगणारी अख्ख्या व्हर्जिनियात एकच व्यक्ती होती, आणि मी तिच्याच बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. आम्ही सगळे त्यांना नुसतं काकू म्हणायचो. हर्नडनजवळच्या एका मिडल स्कूलमध्ये त्या वीसेक वर्षं कोरस, म्हणजे समूहगायन, शिकवत होत्या. वरचा सूर आला की हात वर, खालचा आला की खाली, आणि गाण्याआधी चार मोजत लांब श्वास. पंचाईत अशी की शाळा सुटली तरी तो हात थांबायचा नाही. देशी ग्रोसरीत "कोथिंबीर ताजी आहे ना?" विचारताना प्रश्नाबरोबर हातही वर जायचा आणि दुकानदार छताकडे बघायचा. मला झापायच्या आधीसुद्धा त्या चार मोजत श्वास घ्यायच्या. तेवढ्यात मी जिना उतरून पसार. एकदा हाताच्या नादात त्यांनी लाल सिग्नल तोडला. पोलीस आला, तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. लायसन्स देता देता काकूंनी विचारलं, "अजून गातोस की सोडलंस?" "फक्त गाडीत, मॅम," तो म्हणाला. दंडाचं तिकीट दिलंच त्यानं, पण आधी दोन ओळी गाऊन.

मी चाळीसगावच्या शाळेत हेडमास्तरांच्या नकला करत वाढलेला. काकू म्हणजे माझ्यासाठी आयतं गिऱ्हाईकच. आपले देशी पालक त्यांना विचारायचे, "कॉलेज अ‍ॅप्लिकेशनला कोरसचा काही फायदा?" काकू म्हणायच्या, "तसा काही नाही. पण तीस पोरं एकदम श्वास घेतात, शेजारच्याचं ऐकून स्वतःचा आवाज कमी करतात, असा दुसरा क्लास दाखवा मला." हेही मी हुबेहूब करायचो. पार्टीत लोक खुर्चीवरून पडायचे.

त्या वर्षी शाळेनं सांगितलं, पुढच्या वर्षासाठी अजून आठ मुलांनी नाव दिलं नाही तर कोरस बंद, त्या जागी कोडिंग. काकूंनी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागून घेतली, कारण हॉलमधल्या निम्म्या घरांची मुलं त्याच शाळेत जाणार होती. त्यांच्या आधीचा आयटम माझा. म्हटलं, जरा वातावरण तयार करून देऊ. अध्यक्षांची केली, पार्किंगवाल्या काकांची केली, आणि शेवटी काकूंची. हात, श्वास, सगळं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

मग खऱ्या काकू माइकसमोर आल्या. चार मोजत श्वास घेतला, हॉल हसला. बोलायला लागल्या, हात आपोआप वर गेला, हॉल पुन्हा हसला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं पाठीमागे धरून ठेवला. आणि हात धरल्यावर त्यांना बोलताच येईना. "मुलांना पाठवा," एवढं म्हणून त्या खाली उतरल्या. मला मात्र लोक तिळगूळ देत म्हणत होते, "काकू एक नंबर केल्यास यार."

तीन नावं आली. कदाचित एरवीही तेवढीच आली असती. मी महिनोन् महिने सॉरी म्हणायला जायचो आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "अरे, कोडिंगपुढे मी कुठे टिकणार? जेवलास का?"

जूनमध्ये शाळेतली त्यांची कोरसची खोली रिकामी करायला मी गेलो. नोटेशनचे खोके गाडीत ठेवून आलो तर त्या पियानोच्या स्टुलावर बसलेल्या.

"ती नक्कल कर बघू एकदा."

"नको ना, काकू."

"अरे, मी पाहिलीच नाही. विंगेत भाषणाचा कागद वाचत होते."

मी केली. त्यांनी शांतपणे पाहिली. "हात खांद्याच्या वर जात नाही माझा. आणि श्वास कुठंय? नुसती छाती फुगवतोस. पोटातून घे. परत."

परत केली. परत चुकली. त्यांनी उठून माझं कोपर धरलं, दोन इंच खाली आणलं आणि बोटानं चार मोजले. पाचव्यांदा म्हणाल्या, "हं. आता बरोबर."

हसल्या नाहीत. मग त्या एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं, आम्ही खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या.