वावरात न नेसलेली साडी

सकाळी फोन आला तो सरांचा. सर म्हणजे सुनंदाचे यजमान, तळोद्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पहाटे गेली, एवढेच ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, जगनदादांना कळवायला हवे, साडी त्यांच्याकडूनच यायला हवी... पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचे शेवटचे वस्त्र माहेरून येते. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. सुनंदाचे माहेर म्हणजे आता एक भाऊच उरला होता, आणि तो तिच्याशी कित्येक वर्षे बोलत नव्हता. तिच्या कॅन्सरची बातमी त्याला होती. शहाद्याजवळच्या त्याच्या गावाहून तळोदा फार लांब नाही, तरी तो एकदाही गेला नव्हता. तो साडी घेऊन येईल का, हे सरांना माहीत नव्हते. मलाही नव्हते.

सुनंदा आणि मी शाळेत एका वर्गात होतो. ती बारावीत असताना तिचे वडील अचानक गेले. थोरल्या जगनने कॉलेज सोडले आणि तापीकाठचे शेत हाती घेतले. पुढे ती कृषी विद्यापीठात शिकायला निघाली, तेव्हा शहाद्याच्या एसटी स्टँडवर तिची पत्र्याची पेटी टपावर चढवायला तोच आला होता. 'तू शिक. वावर मी दखस,' असे तो म्हणाला होता. शेताचे मी पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. ती शिकली, त्याच विद्यापीठात वनस्पतिरोग विभागात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. सुट्टीत गावी आली की सामान घरात टाकून आधी शेतात जायची.

शेतात जाताना ती पिवळा रंग कधी अंगावर घेत नसे. मावा नावाची बारीक कीड पिवळ्याकडे ओढली जाते, आणि पिकाचे रोग याच किडीबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. विद्यार्थिनी पिवळी ओढणी घालून आली तर सुनंदा तिला बांधावरून परत पाठवी. जगनदादाच्या मुलीच्या लग्नात त्याने बहिणीला साडी घेतली, ती नेमकी हळदीच्या रंगाची. ही वावरात नेसणार नाही, असे तिने तिथेच सांगून टाकले. 'हिले हळद बी चालत नही का काय?' वहिनी म्हणाली. जगनदादा मांडवात सगळ्यांसमोर हसला. 'मावा बी हिले भ्यास,' असे तो पाहुण्यांना सांगत सुटला. त्या घरात मी त्याला मोकळेपणाने हसताना पाहिले ते तेव्हाच.

त्यानंतर आमच्या भागातल्या केळीवर हरण्या नावाचा रोग आला. पानांवर पिवळे पट्टे उठतात, मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेले कोवळे पान, सडतो, झाड खुरटते आणि घड धरत नाही. शेतकऱ्यांनी रोपे विकणाऱ्यांना दोष दिला, हवामानाला दिला. सुनंदा विद्यार्थ्यांना घेऊन काही हंगाम तापीकाठची शेते पायी फिरली. केळीची पाने, बांधावरचे तण, भाजीपाल्याचे वेल, त्यांवरचा मावा असे सगळे गोळा करून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासले. तिचा निष्कर्ष आता साधा वाटतो: कोवळ्या केळीत काकडी, भोपळा असे वेल लावू नयेत, कारण रोग त्यांत मुरतो आणि मावा तो केळीवर नेतो, आणि पट्टे दिसलेले झाड वाट न पाहता उपटून नष्ट करावे. तेव्हा तो कुणाला पटत नव्हता. केळी हाती लागेपर्यंत काकडीवर घर चालवणारे बरेच होते. जगनदादाही त्यांतलाच.

गावाच्या देवळात शेतकऱ्यांची सभा झाली. वार्ताहर म्हणून बातमीसाठी मी हजर होतो. सुनंदा पडद्यावर एकामागून एक छायाचित्रे दाखवत होती. अशा शेतांतून रोग शेजाऱ्यांकडे जातो, असे सांगताना तिने एक छायाचित्र लावले. कोवळी केळी, मध्ये काकडीचे वेल, आणि मागे निळ्या रंगाची पंपाची खोली, तिच्यावर झुकलेला कडुलिंब. पानावरचे पट्टे त्यात सर्वांत स्पष्ट आले होते, म्हणून तिने ते निवडले होते. नाव कुठेच नव्हते. मागून कुणीतरी म्हणाले, 'हाई ते जगननं वावर शे.' सभेत कुजबुज झाली. जगनदादा तिसऱ्या रांगेत बसला होता. तो सभा संपेपर्यंत उठला नाही.

सभेनंतर आम्ही त्याच्या घरी जेवायला बसलो तेव्हा तो तिला म्हणाला, 'काय व नंदा, फोटू काढाले तुले मन्हंच वावर दिखनं का?' ती काहीतरी सारवासारव करील असे मला वाटले होते. ती म्हणाली, 'रोग तठूनच उना, दादा.' रोग तिथूनच आला, हे तिच्या दृष्टीने तपासून निघालेले उत्तर होते. ताट तसेच ठेवून तो उठला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

ज्यांची केळी गेली होती त्यांनी जगनदादाला भांडून काही विचारले नाही. त्याच्याकडे येणेजाणे बंद केले. त्याने ट्रॅक्टर घालून सगळी बाग मोडली, धडधाकट झाडांसकट. पुढच्या हंगामात त्या शिवारात रोग ओसरला. सुनंदाने ही नोंदही शोधनिबंधात घेतली, आणि ते छायाचित्रही. त्या निबंधाचे दाखले पुढे परदेशातल्या संशोधकांनी दिले, पाठ्यपुस्तकांनी तो घेतला, पीक सल्ल्यांत तिची शिफारस आली. हरण्या शिकणारा विद्यार्थी आजही ती निळी खोली पाहतो. तिचा सत्कार झाला तेव्हा मी तिला याबद्दल विचारले होते. 'काम चुकलेलं नाही,' ती म्हणाली. 'फोटो चुकला. पण छापलेलं परत घेता येत नाही... आणि तो फोटो दाखवला नसता तर लोकांना पटलं असतं का, तेही मला सांगता येत नाही.'

जाण्याच्या काही दिवस आधी मी तिला तळोद्याला भेटलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि दादाने दिलेली तीच हळदीच्या रंगाची साडी नेसली होती. माझी नजर तिने ओळखली. 'आता कुठे वावरात जायचंय?' ती म्हणाली. मग तिने विचारले, दादाची केळी निसवली का, म्हणजे घड बाहेर पडले का. निसवली, मी म्हणालो. मध्ये काकडी? नाही, मी म्हणालो. तिने मान हलवली आणि डोळे मिटले. दुसरे काही तिने विचारले नाही.

फोननंतर मी जगनदादाच्या शेतात गेलो तेव्हा तो ठिबकची नळी दुरुस्त करत होता. मी सांगितले. 'कव्हय?' त्याने विचारले. पहाटे, मी म्हणालो. त्याने नळी जोडून पूर्ण केली, निळ्या खोलीजवळ हात धुतले आणि चिखलाच्या चपलांनी माझ्या गाडीत येऊन बसला. शहाद्यात कापडाच्या दुकानापाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली. कशासाठी साडी हवी हे कळल्यावर दुकानदाराने आवाज हळू केला आणि दोन-तीन साड्या पुढे केल्या. वरची पिवळी होती. सवाष्णीला हीच शोभते, तो म्हणाला.

'पिवयी नको,' जगनदादा म्हणाला. 'मावा येस.'

दुकानदाराला काही कळले नाही. त्याने हिरवी काढून दिली.

तळोद्यात सरांच्या अंगणात माणसे वाट पाहत उभी होती. जगनदादा पुडके काखेत धरून फाटकातून आत आला आणि थांबला. दोरीवर पिवळी साडी वाळत होती. त्याने ती ओळखली. सर पुढे आले, म्हणाले, काल धुतली, शेवटी शेवटी हीच नेसायची. जगनदादाने पुडके बायकांच्या हाती दिले, आणि तिला बाहेर आणेपर्यंत तो घराकडे पाठ करून त्या दोरीजवळच उभा राहिला. तिला निरोप दिला तो हिरव्या साडीत.

परवा मी सरांकडे गेलो होतो. दोरीवरची साडी त्यांनी अजून काढलेली नाही. उन्हाने तिचा रंग उतरू लागला आहे. घराला लागूनच शेते आहेत. संध्याकाळी तिच्यावर बारीक कीड येऊन बसते. सर ती झटकत नाहीत.