परत न येणारी माणसं

तांबरमला अपंगांना शिकवून नोकरीला लावणारी एक बाई आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कारखान्यात माझ्या मुलाचा उजवा हात गेला, तेव्हा मी त्याला तिच्याकडे नेत असे. बाई तंजावरची मराठी, बोलताना तमिळ हेल काढायची. मुलगा गुडघ्यांत डबा धरून एका हाताने झाकण काढायला लागला, की ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मी मदतीला उठले की ओरडायची, "अम्मा, बसा खाली! उद्या ऑफिसात डबा उघडायला तुम्ही जाणार काय?"

मला ती आवडली नाही. पण मुलाला लांब सिरुसेरीत, एका ऑफिसात नोकरी लागली.

महिन्याने मी लाडू घेऊन गेले. ती एकटीच जेवत होती. मला बघून तिचा घास हातातच राहिला. "काय झालं? काढलं त्याला?"

"नाही हो. लाडू आणलेत."

तिने श्वास सोडला. "काम लागलं की इथे कोणी येत नाही, अम्मा. आलं, तर काम सुटलेलं असतं."

मुलगा आता तिकडेच राहतो. बाजाराला जाताना मला तिच्या खिडकीतून ती दिसते. ती एकटी, मीही एकटी. दोन शब्द बोलावेसे वाटतात. पण आत जात नाही. मला दारात बघून तिला वाटेल, मुलाचं काम सुटलं.